स्ट्रोमाजवळची तेरा मिनिटं

०२१८ मेन इंजिन ऑटो स्लो डाउन, जॅकेट वॉटर टेंपरेचर हाय. ०२२१ स्टँडबाय पंप हाताने सुरू. ०२३१ नॉर्मल.

त्या रात्रीची इंजिन रूमच्या लॉगबुकातली नोंद एवढीच. अक्षर माझं, सही माझी. इंजिन थंड ठेवणारं पाणी फिरवणाऱ्या चालू पंपाचं प्रेशर पडलं, दुसरा आपोआप लागायला हवा होता तो लागला नाही, इंजिनाने स्वतःला वाचवायला वेग उतरवला. असं वर्षातून एकदोनदा होतं. खुल्या समुद्रात झालं तर माणूस चहाचा कप खाली ठेवतो, काम करतो, कप परत उचलतो. पण आम्ही होतो पेंटलंड फर्थमध्ये.

ज्यांना नकाशा आठवत नाही त्यांच्यासाठी: स्कॉटलंडचं वरचं टोक आणि ऑर्कनी बेटं यांच्यामधली ही खाडी. एका बाजूला अटलांटिक, दुसऱ्या बाजूला नॉर्थ सी. दोन्हीकडच्या भरतीच्या वेळा जुळत नाहीत, त्यामुळे पाणी या चिंचोळ्या वाटेने एकीकडून दुसरीकडे धावत असतं, उधाणाला आठ-नऊ नॉट (ताशी सागरी मैल) आणि कुठे कुठे त्याहून जास्त. आमचं रिकामं बल्क कॅरियर, म्हणजे सुटा माल नेणारं जहाज, तेरा नॉटनी चाललेलं. त्यातले अर्धे गेले की जहाज कोण चालवतंय, आपण की पाणी, हे सांगता येत नाही. ब्रिजवरून कॅप्टनचा फोन आला. तो ओरडला नाही. "सेकंड, हाऊ लाँग?" एवढंच. सेकंड म्हणजे मी, सेकंड इंजिनियर. स्लो डाउन रद्द करायचं बटण त्याच्या हाताशी होतं, ते त्याने दाबलं नाही. दाबलं असतं तर इंजिन शिजलं असतं. न दाबता तो तेरा मिनिटं काय बघत उभा होता, ते मला दुसऱ्या दिवशी चार्ट बघितल्यावर कळलं. डाव्या हाताला स्ट्रोमा नावाचं बेट होतं.

या बेटाबद्दल शोधता शोधता हेन्री रायडर हॅगर्ड सापडला, आणि ही पोस्ट खरं तर त्याच्याबद्दल आहे.

हॅगर्ड म्हणजे 'किंग सॉलोमन्स माइन्स' आणि 'शी' लिहिणारा. आफ्रिका, खजिना, हजारो वर्षांची राणी. मला तो तेवढाच माहीत होता. १८८८ च्या उन्हाळ्यात हा माणूस आइसलँडला गेला. जॉर्ज डेसेंटने 'न्यालची सागा' (सागा म्हणजे आइसलँडची जुनी वीरकथा) १८६१ मध्ये इंग्रजीत आणल्यापासून इंग्लंडमधल्या वाचणाऱ्या लोकांना उत्तरेचं वेड लागलेलं होतं. कवी विल्यम मॉरिस दोनदा तिकडे जाऊन आला होता, १८७१ आणि १८७३ मध्ये. हॅगर्डही घोड्यावर बसून त्या सागातल्या गुन्नार या वीराचं घर, ह्लिदारेंदी, बघायला गेला, न्यालचं घर जिथे जाळलं ती जागा बघायला गेला. आपल्याकडे लोक पावनखिंड बघायला जातात तसंच, फक्त इथे माणसं दुसऱ्याच देशाची.

परत येताना 'कोपलँड' नावाच्या जहाजात बसला. जहाजावर आइसलँडची घोडी भरलेली. आणि हे जहाज जुलैमध्ये पेंटलंड फर्थमध्ये स्ट्रोमाच्या खडकांवर चढलं. हॅगर्ड वाचला. ऑगस्टच्या २९ तारखेला त्याने नवीन कादंबरी लिहायला घेतली आणि नाताळच्या दिवशी संपवली. 'एरिक ब्राइटआइज'. पुस्तक म्हणून ती १८९१ मध्ये आली.

मी ती फोनवर वाचली, फुकट मिळते, चार-आठच्या पाळीनंतर बंकमध्ये पडून. निम्मी झाल्यावर उठून बसलो. एरिक हा आइसलँडचा शेतकऱ्याचा पोरगा, त्याचं गुद्रूडावर प्रेम, गुद्रूडाची सावत्र बहीण स्वानहिल्ड जादूटोणा करणारी आणि तिलाही एरिकच हवा. एरिकला देशाबाहेर जावं लागतं, तो लंडनला राजाच्या दरबारी राहतो, घरी निघतो. आणि वाटेत त्याचं जहाज फुटतं कुठे? ऑर्कनीतल्या एका बेटावर. बेटाचं नाव स्ट्रॉमी.

स्ट्रोमा हे आजचं नाव. जुन्या नॉर्स भाषेत तेच स्ट्रॉमी, म्हणजे धारेतलं बेट. माणूस खडकावर चढून वाचतो आणि पाच-सहा महिन्यांत त्याच खडकावर आपल्या नायकाला आपटतो. कादंबरीतलं ते प्रकरण मी तीनदा वाचलं. एरिक आणि त्याचा साथीदार स्कॅलाग्रिम कसेबसे किनाऱ्याला लागतात आणि बेटाच्या मालकाच्या घरात कोण बसलेली असते तर स्वानहिल्ड, लग्न करून आलेली. ती एरिकच्या केसांची एक बट कापून घेते. एरिकने गुद्रूडाला शब्द दिलेला असतो की माझे केस तुझ्याशिवाय कोणी कापणार नाही. ती बट आइसलँडला पोचते आणि मग पुढचं सगळं रामायण.

आता तक्रार. हॅगर्डची माणसं फार बोलतात. तलवार उपसण्याआधी बोलतात, उपसल्यावर बोलतात, मरताना तर विचारूच नका. भाषाही मुद्दाम जुनाट केलेली, दाऊ आणि दी आणि हॅथ. स्वप्नं पडतात, शकुन होतात, स्वानहिल्ड तर जादूने समुद्रावरून चालत जाते. पहिल्या दहा प्रकरणांत मला वाटलं, काकांनी चार दिवस तमाशाचा फड बघितला आणि थेट लेखणी उचलली.

पण मग मी मूळ न्यालची सागा वाचायला घेतली, डेसेंटचीच, आणि कळलं की हा काय करत होता.

गुन्नारच्या घरावर शत्रू चालून येतात. घरात तो जागा आहे की नाही बघायला एक नॉर्वेचा माणूस छपरावर चढतो. गुन्नार खिडकीतून भाला खुपसतो. माणूस घसरून खाली येतो. मागचे विचारतात, गुन्नार घरी आहे का? तो म्हणतो, ते तुम्हीच बघा, त्याचा भाला मात्र घरी आहे. आणि मरतो. बस. रक्त नाही, आई नाही, आकाश नाही. सागा म्हणजे लॉगबुक आहे. ०२१८ ला काय झालं ते लिहिणार, पोटात गोळा आला की नाही ते तुमचं तुम्ही बघा.

थोड्या वेळाने एक शत्रू गुन्नारच्या धनुष्याची दोरी कापतो. तो बायकोला म्हणतो, तुझ्या केसांच्या दोन बटा दे, दोरी वळतो. हालगेर्ड विचारते, फार गरज आहे का? तो म्हणतो, जीव यावर आहे. ती म्हणते, मग तू मला थोबाडीत मारली होतीस ती मी आता आठवणार. देत नाही. तो म्हणतो, पुन्हा मागणार नाही. आणि लढत लढत मारला जातो.

इथे पण केसांची बट. हॅगर्डच्या डोक्यात ती तिथूनच गेली असणार, असं मला वाटतं. पण सागात बट दिली जात नाही आणि कोणी रडत नाही. हॅगर्डकडे बट चोरली जाते आणि सगळे रडतात. मेस रूममध्ये संध्याकाळी जी गोष्ट सांगितली जाते ती अशीच असते. तीच घटना, पण आता लाट वीस फुटांची झालेली असते आणि चीफ इंजिनियर काय म्हणाला ते नक्कल करून सांगितलं जातं. ती गोष्ट खोटी नसते. लॉगबुकाला जे लिहायची मुभा नाही ते तिच्यात येतं.

त्या काळातले सगळेच असं करत होते. बॅलंटाइनने मुलांसाठी 'अर्लिंग द बोल्ड' लिहिलं, १८६९ मध्ये, तर त्यात नॉर्वेच्या जंगलात एक ख्रिस्ती साधू आणून बसवला. वाचवत नाही. शिंगांच्या टोपीचंही तसंच. आमचा फिलिपिनो ऑईलर माझ्या फोनकडे बघून म्हणाला, व्हायकिंग, आणि डोक्यावर दोन बोटं धरली. त्याला सांगितलं की ती शिंगं १८७६ मधली, वॅग्नरच्या ऑपेरासाठी डोप्लर नावाच्या माणसाने कपडे आखले त्यातली. त्याला पटलं नाही. कवटीतून दारू पिण्याची दंतकथा तर निव्वळ चुकीच्या भाषांतराची. एका जुन्या कवितेत कवटीच्या वाकड्या फांद्या म्हणजे शिंगं असं कोडं होतं, १६३६ मध्ये ओले वर्म या पंडिताने त्याचं सरळ कवट्या करून टाकलं. मग पुढची दोनशे वर्षं बिचारे व्हायकिंग शत्रूच्या डोक्यातून पीत राहिले.

हॅगर्ड मात्र एका ठिकाणी गप्प बसला आहे, आणि तिथे तो मला सगळ्यात आवडला. स्कॅलाग्रिम हा दांडगा, कुऱ्हाड घेऊन फिरणारा, दारूचा लोभी. एरिक आणि गुद्रूडाच्या लग्नाच्या रात्री पहारा त्याने द्यायचा असतो. तो पितो आणि झोपतो. स्वानहिल्ड आत येते आणि एरिकच्या कुशीत झोपलेली गुद्रूडा एरिकच्याच तलवारीने मारली जाते. सकाळी एरिक या मित्राला काय बोलणार? मी पानभर भाषणाची तयारी ठेवली होती. तो फारसं काही बोलत नाही. दोघं डोंगरावर जातात आणि शेवटच्या लढाईत शेजारी शेजारी उभे राहतात. पाळीवर झोपलेल्या माणसाबरोबर पुन्हा पाळी करणं काय असतं ते ज्याने केलंय त्याला कळेल.

स्ट्रोमाच्या उत्तर टोकाला स्वेल्की नावाचा भोवरा आहे. जुन्या कथेत म्हणतात की मीठ दळणारं एक जातं जहाजासकट तिथे बुडालं, अजून फिरतंय, आणि दाणे टाकायच्या भोकातून पाणी खाली जातं म्हणून भोवरा. समुद्र खारट त्यामुळेच. परतीच्या फेरीत दिवसाउजेडी त्याच वाटेने आलो तेव्हा मी वर डेकवर जाऊन बघितला. बेटावर आता कोणी राहत नाही, दगडी घरं ओळीने रिकामी उभी आहेत. पाणी कढईतल्या तेलासारखं एका जागी गोल वळत होतं. चीफ शेजारी येऊन उभा राहिला, म्हणाला, काय बघतोस. म्हटलं, पाणी.

ही पोस्ट वाचेपर्यंत बायकोला त्या तेरा मिनिटांबद्दल माहीत नाही. ऑर्कनी मागे पडल्यावर नेटवर्क आलं तेव्हा तिचा चिपळूणहून फोन होता, रात्र कशी गेली विचारायला. मी म्हटलं होतं, हवा बरी होती.