आमची वाटचाल : दार उघडं ठेवणारं लॉज

लोक विचारतात, रस्ता संपल्यावर अजून सहा तास चालावं लागतं अशा ठिकाणी लॉज काढायचं सुचलं कसं? खरं सांगू का, सुचलं वगैरे काही नाही. मी, बायको आणि धाकटा भाऊ ट्रेकला गेलेलो, पावसात अडकलो आणि मेंढपाळांच्या एका पडक्या दगडी खोलीत रात्र काढली. छप्पर अर्धंच होतं. सकाळी ऊन पडलं, समोर हिमनदी दिसली आणि आम्ही तिघं तिथंच कामातून गेलो.

पहिलं वर्ष म्हणजे नुसता गोंधळ. कडधान्य शिजेचना. दोन तास पातेलं खदखदतंय, सगळीकडे वाफ झालीय आणि दाणे कच्चेच, पाहुणे ताट घेऊन बसलेत. मग कळलं की ३,००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ७० टक्केच असतो, पाणी ९० अंशांनाच उकळतं आणि मग कितीही जाळ लावा, त्याच्यावर तापत नाही. पुढच्या खेपेला खेचरावरून तीन मोठे कुकर आले. गॅसचं पण तेच, थंडी शून्याच्या खाली सरकली की ब्युटेन टाकीत नुसता बसून राहतो, सिलिंडर भरलेला आणि शेगडी विझलेली, म्हणून आता प्रोपेन जास्त असलेला घेतो. लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज केली की कायमची खराब होते हे तर आम्ही सोलरच्या सगळ्याच्या सगळ्या बॅटऱ्या घालवून शिकलो. आता बॅटऱ्या शेगडीमागच्या भिंतीला, सगळ्यात उबदार जागी. माझा बेड मात्र दाराजवळ.

पाहुणचार म्हणजे काय हे कळायला अजून दोन सीझन गेले. आधी आम्हाला वाटायचं टॉवेलची बदकं करून बेडवर ठेवायची. एका साहेबांनी येऊन दोन तास झाले नाहीत तोवर चोवीस तास गरम पाणी नाही म्हणून तक्रार केली आणि आम्ही दोघं नवरा-बायको किचनमध्ये तोंड पाडून बसलो. त्याच रात्री नऊच्या सुमाराला दार वाजलं. दोन पोरं, चिंब भिजलेली, त्यातल्या एकाला जॅकेटची चेनसुद्धा काढता येईना, बोलताना जीभ अडखळत होती, आणि विचित्र म्हणजे एवढ्या गारठ्यात त्याचं थरथरणं कमी कमी होत चाललेलं. ते सगळ्यात वाईट लक्षण. बेड फुल होते. बायकोनं काही विचारलं नाही, ओले कपडे काढायला लावले, कोरड्या ब्लँकेटात गुंडाळलं, गोड गरम पाणी घोट घोट पाजलं. कुणीतरी रमचा ग्लास पुढे केला तो तिनं सरळ हिसकावून घेतला, कारण दारूनं कातडीखालच्या रक्तवाहिन्या पसरतात, वरवर ऊब वाटते आणि आतली उष्णता निघून जाते. तक्रारवाले साहेब बेड सोडून उठले नाहीत, पण लोकरीचे सॉक्स दिले. चांगले होते सॉक्स.

त्यानंतर भाऊ या विषयातलं वाचायला लागला आणि आम्हाला पण ऐकवायला लागला. आल्प्समध्ये ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीत २,४६९ मीटरवर मठाची धर्मशाळा आहे, अकराव्या शतकापासूनची, तिथले साधू येईल त्याला आत घेतात. त्यांचा बॅरी नावाचा कुत्रा १८१४ मध्ये मेला, त्यानं चाळीसेक जीव वाचवले असं सांगतात. या कुत्र्यांच्या गळ्यात ब्रँडीचं पिंप असायचं हे मात्र नुसतं १८२० च्या एका चित्रामुळं लोकांच्या डोक्यात बसलं (बायको म्हणाली, बरं झालं, नाहीतर त्या कुत्र्याला पण झापावं लागलं असतं). स्विस अल्पाइन क्लब ही गिर्यारोहकांची संस्था १८६३ ची, त्यांची आज डोंगरात दीडशेच्या आसपास हट्स आहेत आणि बऱ्याच ठिकाणी रखवालदार खाली गेला तरी हिवाळ्यासाठी एक खोली उघडी ठेवतात.

ही आयडिया आम्ही सरळ उचलली. सीझन संपला की पाईप पूर्ण रिकामे करतो, कारण गोठताना पाणी ९ टक्के फुगतं आणि पाईप फाटतो, बाकी खोल्यांना कुलूप लावतो, पण कडेच्या जुन्या दगडी खोलीला नुसती कडी. आत चार गाद्या, ब्लँकेटं, लाकडं, काडेपेट्या घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि एक वही. मला वाटलेलं वसंतात जाऊ तेव्हा गाद्या पण नसतील. पहिल्या वर्षी गेल्या फक्त मेणबत्त्या, उलट डब्यात कुणी पैसे टाकून गेलेलं.

दुसऱ्या वर्षी मात्र खुर्ची गायब. माझी आवडती, पाठीला बरोबर बसणारी. मी चिडून खोलीभर शोधतोय आणि भाऊ वही वाचून हसतोय. पेन्सिलनं लिहिलेलं, 'खुर्ची जाळली, सॉरी. लाकडं ओली होती.' जाऊन बघितलं तर खरंच, मोळ्या आम्ही गळक्या कोपऱ्यात रचून ठेवलेल्या, तळाला बुरशी आलेली. त्या सीझनला नवीन बेड घ्यायचे होते ते राहू दिले, आधी लाकडांवर पत्रा टाकला. खुर्ची अजून घेतलेली नाही.