हाडांसाठी आधी आतड्याची सोय : वर्षभराचा माझा अनुभव

डेक्सा म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी. तिच्यात टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडाशी तुलना करून काढलेला आकडा, उणे १ ते उणे २.५ च्या दरम्यान आला की हाडं विरळ व्हायला लागली, असं समजतात. उणे २.५ किंवा त्याहून खाली गेला तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. माझा आकडा पहिल्या गटातला होता. म्हणून वर्षभर ताटावर काम केलं. त्यातलं काय जमलं आणि काय बिघडलं, तेवढंच लिहिते.

कॅल्शियम बहुतेक लहान आतड्यात शोषलं जातं. उरलेलं मोठ्या आतड्यात जातं. तिथले जिवाणू आपल्याला न पचलेला चोथा (फायबर) आंबवतात आणि ब्युटिरेट, प्रोपिओनेट, ॲसिटेट ही आम्लं तयार करतात. आम्लतेमुळे तिथलं कॅल्शियम विरघळतं आणि त्यातलं थोडं शोषलंही जातं. ब्युटिरेट आणि प्रोपिओनेट हाड झिजवणाऱ्या पेशींना आवर घालतात, हे उंदरांमध्ये दिसलं आहे. माणसांमधला पुरावा अजून कच्चा आहे. स्वीडनमध्ये ७५ ते ८० वर्षांच्या बायकांना लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी हा जिवाणू वर्षभर दिला, तेव्हा नडगीच्या हाडाची झीज कमी झाली. नुकतीच पाळी गेलेल्या बायकांवरच्या पुढच्या मोठ्या, दोन वर्षांच्या चाचणीत मात्र काही फरक पडला नाही. म्हणून महागड्या प्रोबायोटिक कॅप्सूलवर मी पैसे घातले नाहीत. ते ज्वारी, डाळी आणि भाज्यांवर घातले.

पहिली चूक घाईची. गव्हाची पोळी सोडून दोन्ही वेळ ज्वारीची भाकरी, वर चवळीची उसळ आणि जवसाची चटणी, असं सगळं एकाच आठवड्यात सुरू केलं की पोट फुगतं. मग माणूस ‘मला सोसत नाही’ म्हणून सगळंच सोडून देतो. चोथा आठवड्याला साधारण ५ ग्रॅमनेच वाढवावा आणि दिवसाला ३० ग्रॅमच्या आसपास थांबावं. आधी एक वेळची भाकरी, पुढच्या आठवड्यात एक चमचा जवस, त्यानंतर उसळ. कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी फेकलं तर गॅस बराच कमी होतो. संत्र्याचा रस काढू नका, पांढऱ्या पापुद्र्यासकट फोडी खा. पेक्टिन हा विरघळणारा चोथा तिथेच असतो आणि जिवाणूंना तो आवडतो. आपल्या नागपुरात तरी संत्र्याचा रस गाळून पिऊ नये!

कॅल्शियमचा हिशोब वहीत मांडावा. प्रौढांना रोज १००० मिलीग्रॅम लागतं, पाळी गेलेल्या बायकांना १२००. दूध-दही मिळून ४०० मिली घेतलं की सुमारे ४८० मिळतात. ३० ग्रॅम नाचणीतून ११० च्या आसपास. शेवग्याचा पाला ५० ग्रॅम घेतला तर साधारण १५०. तिळाचा आकडा फसवा आहे. कॅल्शियम सालीत असतं, त्यामुळे पॉलिश केलेल्या पांढऱ्या तिळात फारसं उरत नाही. सालीतलंही बरंचसं ऑक्झलेट या घटकाशी बांधलेलं असतं आणि नीट शोषलं जात नाही, म्हणून तीळ पूर्ण मोजू नयेत. पालक आणि चिवळ या पालेभाज्यांचंही तेच. चिवळ जरूर खा, पण कॅल्शियमच्या खात्यात धरू नका.

नाचणीतलं फायटेट कॅल्शियम धरून ठेवतं, आंबवल्यावर ते कमी होतं, म्हणून आंबील करावी. तीन मोठे चमचे पीठ एक वाटी पाण्यात कालवून ठेवायचं. हिवाळ्यात १० ते १२ तास, मे महिन्यात ५-६ तास पुरतात. मे महिन्यात रात्रभर ठेवलं तर फेस येऊन उग्र वास सुटतो, ते टाकून द्यावं. मग दोन वाट्या पाणी घालून मंद आचेवर ८-१० मिनिटं शिजवायचं. ताक पूर्ण थंड झाल्यावरच घालायचं, गरम आंबिलीत ताकातले जिवाणू मरतात.

मीठ जास्त झालं की लघवीतून कॅल्शियम जातं. पापड, सांडगे, वाळवणाच्या भरल्या मिरच्या रोज पानात असतील तर हिशोब तिथेच कोलमडतो. माझ्या मते आपल्याकडे हीच गळती सगळ्यात दुर्लक्षित आहे.

व्हिटॅमिन डी नसेल तर यातलं काहीच नीट लागू पडत नाही. सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात ते बनवणारे किरण फारसे नसतात. हिवाळ्यात ११ ते २ च्या दरम्यान हात-पाय उघडे ठेवून १५-२० मिनिटं गच्चीवर बसावं, उन्हाळ्यात नऊ-साडेनऊचं ऊन पुरतं. व्हिटॅमिन डीचं ६०,००० युनिटचं सॅशे (पुडी) रक्त तपासून, डॉक्टरांनी सांगितलेल्या आठवड्यांपुरतंच घ्यावं. दर आठवड्याचं सॅशे रोज घेतलं तर रक्तातलं कॅल्शियम धोक्याच्या पातळीवर जातं.

कॅल्शियमची गोळी लागलीच तर एका वेळी ५०० मिलीग्रॅमहून जास्त नको. कॅल्शियम कार्बोनेट जेवणासोबत घ्यावं. थायरॉइडच्या गोळीपासून चार तासांचं अंतर ठेवा, लोहाच्या गोळीसोबतही घेऊ नका.

घरात बोअरचं पाणी असेल तर फ्लोराइड तपासून घ्या. विदर्भात काही भागांत ते जास्त आहे, आणि १.५ मिलीग्रॅम प्रति लिटरच्या वर पाणी पिण्याजोगं राहत नाही. फ्लोराइडने हाड डेक्सात दाट दिसतं, पण ठिसूळ असतं. असा चांगला आकडा पाहून निश्चिंत होऊ नये.

पुन्हा डेक्सा करायची तर एक-दोन वर्षांनी, त्याच मशीनवर. हाड फार सावकाश बदलतं, आणि तीन-चार टक्क्यांपर्यंतचा फरक नुसत्या मोजणीचाही असू शकतो.