लोणी बाजारात, ताक घरात

आयर्लंडमधल्या किलार्नीला आलेले बहुतेक लोक मकरॉस हाऊस ही जुनी हवेली बघून तळ्याकडे वळतात. आम्ही शेजारच्या मकरॉस ट्रॅडिशनल फार्म्समध्ये शिरलो आणि सगळी दुपार तिथेच गेली. खेड्यांत वीज येण्याआधीची, १९३०-४० च्या सुमाराची केरी परगण्यातली शेतकऱ्यांची घरं तिथे नांदती ठेवली आहेत.

दारातच धुराचा वास आला. लाकडाचा नव्हे, टर्फचा. दलदलीतली माती विटांसारखी कापून, वाळवून इथे पिढ्यान् पिढ्या जळणाला वापरली. चुलीशी उभ्या असलेल्या बाईंनी परातीत पीठ, मीठ आणि खायचा सोडा घेतला, मधोमध आळं करून त्यात ताक ओतलं. पंजाने दोन-चार वेळा फिरवून गोळा केला, की झालं. मळणं नाहीच. ताकाच्या आंबटपणाने सोडा लगेच फसफसतो, रेंगाळलं तर पाव बसतो. वर सुरीने खोल फुली मारली, म्हणजे आतपर्यंत भाजला जातो. जुनी माणसं म्हणत, पऱ्यांना बाहेर पडायला वाट हवी.

मग तो गोळा बॅस्टिबलमध्ये गेला. हे बिडाचं, सपाट बुडाचं, झाकणाचं भांडं. खाली विस्तव, झाकणावरही निखारे. मला एकदम आजीचं धोंडस आठवलं. काकडीचं ते धोंडस ती असंच वर-खाली निखारे ठेवून भाजायची.

हा पाव फार जुना असेल असं मला वाटत होतं, पण सोडा आयर्लंडच्या घरांत आला तो एकोणिसाव्या शतकात. त्याआधी ओटची भाकर होती, आणि गरिबाच्या पानात बटाटा आणि ताक, बस्स. १८४५ मध्ये बटाट्यावर रोग पडला आणि पुढच्या काही वर्षांत दहा लाखांच्या आसपास माणसं दगावली. इथला गहू मऊ, यीस्टने नीट न फुगणारा. बहुतेक घरांत भट्टीही नव्हती. सोड्याने या दोन्ही अडचणी सोडवल्या. ताक मात्र घरचंच होतं. लोणी विकून जमिनीचा खंड भरायचा. कॉर्क शहराचा लोणीबाजार तर एके काळी जगातल्या मोठ्या बाजारांत मोजला जायचा. घुसळून उरलेलं घरात राहायचं, त्यावर पोरं वाढायची. आमच्या आजोळीही तूप विकायलाच कढायचं, हे मी त्या बाईंना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि गरम पावाचा तुकडा तोडून माझ्या हातावर ठेवला. वर लोणी होतं, जाड थराने लावलेलं.