भिंत नाही म्हणून

कुत्र्याचं पिल्लू शेल्टरमध्ये जितके दिवस जास्त राहील, तितका त्याच्या जिवाला धोका जास्त. बाहेरच्यांना हे उलटं वाटतं. आमच्या दत्तक समितीलाही उलटंच वाटतं, म्हणून हे लिहितोय.

धोका पार्वोचा. हा विषाणू विष्ठेतून पसरतो. फरशीच्या फटीत, चपलेच्या तळाला, जेवणाच्या थाळीला महिनोन्‌महिने टिकतो आणि साध्या फिनाइलला जुमानत नाही. आधी घाण खरवडायची, साबणाने धुवायचं, मग १ भाग ब्लीच आणि ३० भाग पाणी टाकून १० मिनिटं जागा ओली ठेवायची. घाणीवरच ब्लीच ओतलं तर ब्लीच वाया जातं. स्वयंसेवकांना पिल्लासोबत फोटो हवा असतो, खरवडायला कुणी नसतं, ते जाऊ द्या. लस ६ ते ८ आठवड्यांना सुरू होते, दर ३-४ आठवड्यांनी पुढचा डोस, १६ आठवडे होईपर्यंत. मधल्या काळाचा भरवसा नाही, कारण आईच्या चिकातून मिळालेली प्रतिकारशक्ती लसीलाच दाबते, आणि ती कधी ओसरेल ते प्रत्येक पिल्लाचं वेगळं. म्हणून पहिला डोस झाला की चांगलं घर बघून पिल्लू बाहेर काढायचं.

थंडीत आलेल्या एका वेतातले नर लगेच गेले. दोन माद्या राहिल्या. माद्या कुणी नेत नाही. अशात चोपडा तालुक्यातले एक आप्पा आले. केळीची बाग, थोडा कापूस, राहणं शेतातच. त्यांना मादीच हवी होती. "नर भटकस, मादी घर सोडस नही," म्हणाले.

फॉर्म आमचा नाही, मोठ्या शहरातल्या कुठल्या तरी गटाचा उचललेला. कंपाउंडची उंची किती? सोसायटीची परवानगी? कुत्रं चार तासांपेक्षा जास्त एकटं राहील का? कधीही बांधणार नाही, अशी लेखी हमी. आप्पांनी सगळं खरं सांगितलं. भिंतीच्या प्रश्नावर हसले: "वावरले भीत कोन बांधस, भाऊ?" खत-औषधाची गाडी आली की तासभर बांधू, हेही सांगून टाकलं. तिथंच अर्ज अडकला. थंडीत भरीत-पुरी खायला ज्यांच्या मळ्यात जायचं, त्यांच्याच मळ्यात कुत्रं मात्र असुरक्षित!

बांधण्याबद्दल कायदा काय म्हणतो ते समितीतल्या कुणी वाचलेलं नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधणं गुन्हा आहे, कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणंही. तासभर बांधणं नाही.

खरे प्रश्न फॉर्ममध्ये नव्हतेच. सातपुड्याच्या पायथ्याला बिबट्या फिरतो, आणि साखळीतल्या कुत्र्याला पळता येत नाही. मग रात्री कुठं ठेवणार? "रातले घरमाच राही ती." उंदरांचं औषध, फवारणीचे डबे कुठं? पेटीत, कुलपात. डुकरांसाठी तारेत करंट सोडता का? झटका मशीन आहे, थेट लाइट नाही. घरात दुसरं कुत्रं? नाही. नसबंदीला आणून द्याल? गाडी आमचीच आहे. यापेक्षा चांगली उत्तरं फ्लॅटवाल्यांकडूनही क्वचितच मिळतात. मी शिफारस लिहिली. समितीचं उत्तर: व्हिडिओ कॉलवर कंपाउंड दाखवा.

तोवर पिंजरे भरत गेले. नियमाप्रमाणे नवं जनावर १४ दिवस वेगळ्या खोलीत राहायला हवं. त्या खोलीत दत्तक द्यायची पिल्लं झोपत होती, कारण ती बाहेर जातच नव्हती. बसस्टँडवरून आणलेलं एक सुस्त पिल्लू मग जाळीच्या पलीकडे ठेवलं गेलं. पुढं काय होणार ते सांगायला ज्योतिषी नको.

एका सकाळी दोन्ही माद्यांपैकी धाकटीने थाळीकडे पाठ फिरवली, दुपारपर्यंत उलट्या आणि रक्ताचे जुलाब. तो वास एकदा नाकात बसला की तपासणीचं किट नंतर उघडलं तरी चालतं. उघडलं, दोन रेघा आल्या, म्हणजे पार्वोच. शरीरातलं पाणी गेलं की पिल्लाची शीर सापडत नाही. पाय गरम पाण्याच्या पिशवीने शेकायचा, वरून बोटाने दाबायचं, मग २४ नंबरचा पिवळा कॅथेटर. रिंगर लॅक्टेटचं सलाइन कोमट करून, सोबत डेक्स्ट्रोज, उलटीला ऑन्डान्सेट्रॉन, आणि पांढऱ्या पेशी कोसळतात म्हणून प्रतिजैविक. पार्वोला थेट मारणारं काही यात नाही. शरीर लढेपर्यंत त्याला टिकवायचं, एवढंच. धाकटी तिसऱ्या दिवशी गेली. थोरली लागण होऊनही वाचली.

आप्पांचा फोन त्यानंतर आला. वाट बघून त्यांनी गावातून एक मादी पिल्लू आणलं होतं. ना लस, ना जंताचं औषध, आणि अर्थात ना फॉर्म. डोस कोणते, कधी, विचारत होते. जंताचं औषध ३ महिन्यांपर्यंत दर १५ दिवसांनी, रेबीजची लस ३ महिन्यांना, नसबंदीचं सहाव्या महिन्यात बघू, असं सगळं सांगितलं. त्यांनी लिहून घेऊन पुन्हा वाचून दाखवलं. समितीने ज्यांना दत्तक दिलं, त्यांच्यापैकी किती जण दुसऱ्या डोसला फिरकतात ते रजिस्टरला माहीत आहे. कंपाउंड सगळ्यांचं उत्तम आहे.

समितीच्या बैठकीत यावर ठरलं काय, तर पिंजरे वाढवायला देणगी मागायची.

थोरलीलाही नेतो, असं आप्पा म्हणतात. पण बरं झालेलं कुत्रं पुढचे काही आठवडे विष्ठेतून विषाणू सोडत राहू शकतं, आणि त्यांच्याकडच्या पिल्लाचे डोस अपुरे आहेत. ते पूर्ण होईपर्यंत थांबा म्हटलं, तर लगेच कबूल झाले. थांबायला या वेळी खरं कारण आहे. फॉर्मवर त्यासाठी रकाना नाही.