आज दिवसभर डुकराच्या दाढा

आज सकाळपासून लॅबमध्ये डुकरांचे दात पुसत बसले होते. ॲसिटोनमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसायचे, मग वर सिलिकॉन लावून साचा काढायचा, डेंटिस्ट माप घ्यायला तोंडात कोंबतो ना, अगदी तेच मटेरियल. आईला फोनवर सांगितलं तर म्हणे, एवढं शिकून हेच करतेस का गं! 😄

पण मायक्रोस्कोपखाली ते एनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक आवरण, बघितलं की वेळ कुठे जातो कळतच नाही. रानडुक्कर नाकाने जमीन उकरून कंद, किडे खातं, त्यात माती-वाळू आलीच, मग दाढेवर बारीक ओरखडे आणि खड्डे पडतात. कोंडून ठेवून आयतं खायला घातलेल्या डुकराची दाढ वेगळी दिसते. म्हणजे माणसाने डुक्कर कधी कोंडलं याचा माग इथून काढता येतो.

तुर्कस्तानात तिग्रिसच्या वरच्या खोऱ्यात चायोनू नावाची नवाश्मयुगीन (शेती आणि पशुपालन सुरू झालं त्या काळातली) वस्ती आहे, तिथे जुन्या थरांकडून नव्या थरांकडे येताना डुकरांच्या दाढा हळूहळू लहान होत गेल्यात, ही पण पाळीव होत गेल्याची खूण. पण दाढ अशी लहान व्हायला कित्येक पिढ्या लागतात. ओरखडे मात्र मरायच्या आधीच्या काही दिवस-आठवड्यांचेच, कारण दात झिजतो आणि जुनी खूण पुसली जाते. आणि पाळलेलं पण मोकाट चरणारं डुक्कर असेल तर? आपल्या गावातली आठवा, उकिरड्यापासून नाल्यापर्यंत सगळीकडे नाक खुपसतात. त्यांची दाढ बघून पाळीव कोण म्हणेल.

संध्याकाळी कळलं की एका साच्यात नेमका हव्या त्या जागी बुडबुडा आलाय. सोमवारी परत.