कोणत्या ठरावाने?

शिकागोला मुलाकडे पहिल्यांदा गेले तेव्हा त्याचं घर खड्ड्यात आहे हे बघून माझा चेहराच उतरला. पिल्सन नावाच्या जुन्या वस्तीत तो भाड्याने राहतो. रस्ता आणि फुटपाथ वर, आणि फुटपाथला लागून जवळजवळ पुरुषभर खोल अंगण. वरच्या मजल्यावर जायला फुटपाथवरून एक छोटा पूलच टाकलाय. खालच्या मजल्यावर, म्हणजे आमच्याकडे यायला पायऱ्या उतरायच्या. पुढच्या खोलीच्या खिडकीतून येणाऱ्याजाणाऱ्यांचे फक्त बूट दिसतात.

"घर खचलंय का रे?"

"नाही गं आई. घर जागेवरच आहे, रस्ता वर आलाय. पूर्वी पालिकेने भर टाकून उंच केला."

"कोणत्या ठरावाने?"

सूनबाई खो खो हसली. पण बत्तीस वर्षं नगरपरिषदेच्या सभा शाखेत काढलेल्या बाईला दुसरा काय प्रश्न सुचणार? विषयपत्रिका काढायची, सूचक-अनुमोदक लिहायचे, इतिवृत्त कायम करून घ्यायचं, ठरावाच्या नकला बांधकाम विभागाला पाठवायच्या, यात माझा जन्म गेला. रस्ता आपोआप वर येत नाही. कोणीतरी अर्ज केलेला असतो, कोणीतरी हरकत घेतलेली असते, आणि पैसे कोणाच्या तरी खिशातून गेलेले असतात. सहा महिने राहायची परवानगी होती, थंडी सुरू व्हायची होती आणि मुलगा-सून दिवसभर कामाला. मी ठरवलं, कागद शोधायचे.

मोठी गोष्ट इथे सगळ्यांना पाठ आहे. शिकागो १८३७ साली शहर झालं तेव्हा वस्ती चार हजारांच्या आसपास. १८५०मध्ये तीस हजार, १८६०मध्ये एक लाखाच्या वर. जमीन सपाट, तलावाच्या पाण्यापेक्षा जेमतेम काही फूट उंच, त्यामुळे पाणी वाहून जायला उतारच नाही. रस्ते म्हणजे चिखल, त्यावर फळ्या टाकायच्या, फळ्या कुजायच्या. १८४९ला कॉलरा आला, १८५४ला पुन्हा आला आणि फार माणसं नेली. मग १८५५मध्ये सांडपाण्यासाठी वेगळं मंडळ नेमलं आणि बॉस्टनहून एलिस चेसब्रो या अभियंत्याला बोलावलं. त्याने सुचवलं की गटारं खाली खोदून नदीकडे उतार मिळणार नसेल, तर ती जवळजवळ जमिनीच्या वरच घाला, त्यावर भर टाका आणि रस्ताच उंच करा. अख्ख्या शहराची लेव्हल बदलायची! आमच्याकडे एका चौकाची लेव्हल बदलली तर तीन सभा तहकूब होतात.

पण कागद कुठे? ऑक्टोबर १८७१च्या मोठ्या आगीत न्यायालयाची इमारत जळाली, तिच्यातच पालिकेचं दफ्तर होतं. शंभरावर वर्षं सगळे धरून चालले होते की १८३३ ते १८७१ची सभेची कागदपत्रं राख झाली. १९८३ साली राज्य अभिलेखागाराच्या लोकांना ती पालिकेच्याच एका गोदामात सापडली. पस्तीस हजारांवर फायली. हे वाचलं तेव्हा मला आमच्या जुन्या रेकॉर्ड रूमचा माळा आठवला. वाळवी, उंदीर आणि 'त्या वर्षाचं दप्तर नाही' असं ठासून सांगणारे शिपाईमामा. असतं हो, कुठेतरी असतंच.

त्या फायली आता नॉर्थइस्टर्न इलिनॉय विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. मुलाने ईमेल करून वेळ घेतली. ब्राउन लाईनने किंबॉल या शेवटच्या स्टेशनला उतरायचं आणि पुढे बस. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा बसच्या चालकाने स्वतःहून हाक मारली.

पहिल्या दिवशी फजिती झाली. मी रुबाबात सांगितलं, "रस्ते उंच करण्याची फाईल दाखवा." तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं की तशी एक फाईल नसते. आधी सूची बघायची, फायलीचा क्रमांक काढायचा, मग ती खोक्यातून येते. मी ओशाळले. आवक क्रमांकाशिवाय आलेल्या नागरिकांना मी स्वतः किती वेळा परत पाठवलंय!

सूची संगणकावर आहे. रस्त्याचं नाव टाकलं की ढीगभर नोंदी येतात. 'ग्रेड' म्हणजे रस्त्याची ठरवलेली उंची, ते टाकून बघा, 'भराव' टाकून बघा, 'फळ्या' टाकून बघा, असं करत निवडायचं. वर्ष मात्र जोडीने लिहिलेलं, १८५५/५६ असं. बरोबरचा एक अमेरिकन विद्यार्थी त्यावर वैतागला होता. मला लगेच उमगलं. त्यांच्या निवडणुका वसंत ऋतूत व्हायच्या, नवी सभा बसली की पालिकेचं वर्ष सुरू. आपलं नाही का एप्रिल ते मार्च? जानेवारीतला कागद मागच्या वर्षाच्या बस्त्यात बघायचा. त्याला समजावून सांगितलं आणि त्या खोलीत माझी थोडी पत वाढली.

पिल्सनच्या नोंदी जेमतेम होत्या. बाई म्हणाल्या, आधी एखादं मोठं प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा, पद्धत कळेल. म्हणून लेक स्ट्रीट घेतला. तेव्हाची ती मुख्य बाजारपेठ.

पेन आत न्यायचं नाही, फक्त पेन्सिल. एका वेळी एकच फोल्डर. कागद तीन घड्यांचे, निळसर किंवा पिवळट, शाई तपकिरी झालेली. अक्षर वळणदार, पण दोन एस लागोपाठ आले की पहिला एफसारखा काढायची तेव्हाची सवय. 'असेसमेंट' हा शब्द पहिल्या दिवशी मी भलताच वाचत होते. कागदाच्या आत विनंती असते, खाली सह्या, काही जर्मन वळणाच्या. शहरात निम्म्याहून जास्त माणसं परदेशात जन्मलेली होती, त्यामुळे नवल नाही.

बाकीचे लोक आतला मजकूर वाचत बसतात. मी कागद उलटा केला. घडी घातल्यावर बाहेर जी पट्टी राहते तिच्यावर कारकुनाचे शेरे: विषय काय, कोणत्या ऑल्डरमनने, म्हणजे नगरसेवकाने मांडला, कोणत्या तारखेला, कोणत्या समितीकडे वर्ग, पुढे काय झालं. प्रकरणाचा सगळा जीव त्या चार बोटं पट्टीत. दीडशे वर्षांपूर्वीचा तो कारकून माझाच भाऊबंद. कामाच्या गर्दीत अक्षर कधी बिघडलं तेसुद्धा कळत होतं.

चार-पाच दिवसांत साखळी जुळली. ज्या रस्त्याला काम हवंय त्या रस्त्याला लागून ज्यांची जागा, ते मालक अर्ज करतात. नदीमुळे शहराचे तीन भाग पडलेले, उत्तर, दक्षिण आणि पश्चिम. प्रत्येक भागाची 'रस्ते व गल्ल्या समिती' वेगळी. अर्ज तिच्याकडे जातो. समिती अनुकूल अहवाल देते, सभा हुकूम काढते. मग आकारणीसाठी माणसं नेमतात. ती प्रत्येक मालकाची जागा बघून कोणाला किती लाभ होईल ते ठरवतात आणि त्याप्रमाणे खर्च वाटून यादी करतात. यादीची नोटीस वर्तमानपत्रात, हरकतींना मुदत, नंतर सभेत कायम, आणि मग वसुलीचं वॉरंट. लाभ जास्त म्हणजे पट्टीही जास्त. शहराच्या तिजोरीतून त्या भरावाला सहसा काही जायचं नाही.

हे वाचून मी चाट पडले. आमच्याकडे रस्ता म्हणजे सगळ्या गावाच्या घरपट्टीतून, आणि नगरसेवकाच्या नावाचा फलक वर. इथे रस्ता मागणारे आणि पैसे भरणारे तेच. वाटलं, किती स्वच्छ कारभार! नंतर लक्षात आलं की भाडेकरूचा यात आवाज कुठेच नाही. गल्लीत दहा बिऱ्हाडं चिखल तुडवत असतील, पण जागेचा मालक लांब राहतो आणि त्याला पट्टी भरायची नाही, तर अर्जच होत नाही. चिखल तिथेच. श्रीमंत रस्ते आधी वर का आले याचं उत्तर त्या आकारणीत आहे. गटारांना मात्र कर्जरोखे काढावे लागले, कारण गटार दोन घरांसमोर घालून भागत नाही.

हरकतींच्या अर्जांना तिकडे 'रिमॉन्स्ट्रन्स' म्हणतात. विरोधाची कारणं आपल्यासारखीच: खर्च फार, आत्ताच नको, शेजाऱ्याला लाभ जास्त आणि पट्टी मला. अशाच एका हरकतीच्या पाठीवर शेरा होता, 'लेड ऑन द टेबल'. मी आनंदाने वहीत लिहिलं, पटलावर ठेवली, म्हणजे चर्चेला घेतली. मग दोन दिवस त्या चर्चेचा कागद शोधत बसले. शेवटी बाईंना विचारलं. त्या हसल्या. अमेरिकेत टेबलावर ठेवणं म्हणजे विषय बाजूला सारणं, बहुतेक वेळा कायमचा. आपल्याकडे इंग्रजांच्या चालीने ते नेमकं उलट. दोन दिवस वाया गेले, पण सेवेत असताना हा मार्ग ठाऊक असता तर किती विषय असेच निजवले असते.

ग्रेडचे वटहुकूम वाचायला कंटाळवाणे, अमुक चौकात इतके फूट, तमुक चौकात इतके. शून्य कुठलं? १८४७ सालची मिशिगन तलावाची खालची पाणीपातळी. शहर अजूनही तिथूनच उंची मोजतं. आमच्या ओव्हरसियरचा बेंचमार्क, म्हणजे उंची मोजायची खूण, मारुतीच्या देवळाच्या पायरीवर होता, आणि जीर्णोद्धारात ती पायरीच गेली. तलाव बरा.

आता रस्ता वर गेला, पण इमारतींचं काय? ते मालकाचं मालकाने बघायचं. कोणी दार पहिल्या मजल्यावर नेलं. कोणी लाकडी घर ओंडक्यांवरून ढकलत दुसऱ्या जागी नेलं. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी विटांची इमारत जशीच्या तशी उचलली. जानेवारी १८५८मध्ये रँडॉल्फ आणि डिअरबॉर्न रस्त्यांच्या कोपऱ्यावरची चार मजली इमारत दोनशे स्क्रू-जॅकनी सहा फुटांवर वर घेतली. १८६०मध्ये तर लेक स्ट्रीटवरची ३२० फूट लांबीची दुकानांची रांग, सहा हजार जॅक, सहाशे माणसं, पाच दिवसांत चार फूट आठ इंच. खाली माणसं ठेक्यात जॅक फिरवताहेत आणि वर दुकानात गिऱ्हाईक कापड बघतंय! त्या ठेकेदारांत जॉर्ज पुलमन होता, तोच पुढे रेल्वेच्या झोपायच्या डब्यांमुळे नावाला आला. सगळ्यांचे मुहूर्त मात्र एक नव्हते. एक दुकान वर, शेजारचं खाली, मधे फुटपाथला पायऱ्या. चालणाऱ्याने चढायचं, उतरायचं, परत चढायचं.

१८६१पासून फायलींची तऱ्हा बदलते. राज्याच्या कायद्याने सार्वजनिक बांधकाम मंडळ आलं, तिन्ही भागांचा एकेक आयुक्त, आणि चेसब्रो मुख्य अभियंता. मग पाठीवर एकच शेरा फिरफिरून येतो, 'मंडळाकडे अहवालासाठी'. शिस्त आली. चेसब्रोचीच गटारं नदीत, नदी तलावात आणि पिण्याचं पाणीही त्याच तलावातलं, हा घोळ निस्तरायला तलावाच्या तळाखालून दोन मैलांचा बोगदा खणून १८६७मध्ये लांबचं पाणी आणलं, तेही याच काळात. काम पूर्वीपेक्षा नक्कीच चांगलं झालं. पण वाचताना मला जुनी भांडकुदळ वर्षं आवडत होती, हे कबूल करते.

आणि पिल्सन? फायली १८७१ला संपतात, आणि ती वस्ती भरली, तिथले रस्ते वर आले ते मुख्यतः त्यानंतर. बाईंनी सांगितलं, पुढच्या काळासाठी सभेची छापील इतिवृत्तं बघायची. माझे दिवस संपत आले होते. शेवटच्या दिवशी त्यांना बेसनाचे लाडू दिले. त्यांनी ते वाचनकक्षाबाहेर नेऊन खाल्ले, नियम म्हणजे नियम.

त्या रात्री पहिला मोठा बर्फ पडला. सकाळी मुलगा फावडं घेऊन पायऱ्या चढून वर गेला. इथे आपल्या जागेसमोरचा फुटपाथ मालकाने साफ करायचा असा पालिकेचा नियम आहे, आणि मालकाने ते काम भाडं थोडं कमी करून याच्यावर टाकलंय. मीही शाल गुंडाळून मागोमाग गेले. शिकागोतला नेहमीचा प्लॉट पंचवीस फूट रुंद. शेजारच्याने त्याची हद्द अगदी सरळ रेषेत संपवली होती, पुढे आमचा ढीग.

"आई, आत जा, थंडी वाजेल."

"थांब," मी म्हणाले, आणि पावलांनी पंचवीस फूट मोजून दिले. "इथपर्यंत आपलं. याच्या पुढे एक फावडंसुद्धा मारू नकोस."