घाटात बैलगाडा बघायला जाताना

बैलगाडा शर्यत बघायला पहिल्यांदा आलेली माणसं हमखास घाटाच्या, म्हणजे शर्यतीच्या चढत्या धावपट्टीच्या, वरच्या टोकाला गर्दी करतात. गाडा तिथे पोचतो, निकाल तिथे लागतो, तेव्हा बघायचं तिथूनच, असा हिशोब असतो. पण हार-जीत ठरते ती खाली, जुंपणीच्या जागी, आणि तीही गाडा सुटायच्या आधीच्या दोन-तीन मिनिटांत. सकाळच्या निदान पाच-दहा बाऱ्या (एका गाड्याची एक धाव म्हणजे बारी) खालून बघा. मग हवं तर वर जा.

हे सगळं लिहितोय ते जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, मावळ या पट्ट्यातल्या घाटांबद्दल. सातारा-सांगलीकडचा प्रकार वेगळा: तिकडे छकड्याला, म्हणजे हलक्या गाडीला, दोन बैल, वर हाकणारा माणूस, सपाट मैदानात चार-सहा गाड्या एकदम सुटतात, मग गट, सेमीफायनल, फायनल. विदर्भातला शंकरपट, म्हणजे तिकडची बैलांची शर्यत, आणखी निराळा. आपल्या घाटात एका वेळी एकच गाडा पळतो आणि त्याची लढत घड्याळाशी असते. गाड्यावर माणूसही नसतो. एकदा सुटला की चार बैलांनी आपल्या मनानं, चढावर, सरळ रेषेत जीव तोडून पळायचं. म्हणूनच जुंपणीला इतकं महत्त्व.

चारांतले दोन बैल गाड्याच्या जुवाला असतात, ते जुकाटाचे. त्यांच्या पुढे वेगळ्या जुवाला दुसरी जोडी, ती कांडाची. कांडाला चपळ, निडर, पुढे मोकळं रान दिसलं की झेपावणारा बैल लागतो. जुकाटाला ताकद हवी, कारण गाड्याचं ओझं शेवटी त्यांच्याच मानेवर येतं. शिवाय पुढची जोडी वेडीवाकडी झाली तरी हे दोघे बिथरता कामा नयेत. एकच बैल दोन्ही जागी सारखाच पळेल असं नाही. कांडाला गाजलेला बैल जुकाटाला लावल्यावर नुसता अडखळत चढतो, हे अनेकदा दिसतं. चारही बैल एकाच मालकाचे असतील असंही नसतं. दोघा-तिघांनी मिळून गाडा जुळवणं सर्रास चालतं, आणि तो जुळवताना बैलांच्या वेगाइतकाच त्यांचा स्वभाव बघतात.

सर्वांच्या पुढे घोडी, पाठीवर स्वार. ती गाड्याला जुंपलेली नसते, नुसती पुढे पळते, आणि बैलांना तिच्यामागे धावायची सवय लावलेली असते. माझ्या मते घाटातलं सगळ्यात अवघड काम या स्वाराचं. घोडी फार लवकर काढली तर बैलांना ती लांब दिसते आणि ते तिचा नाद सोडतात. उशिरा काढली तर कांडाचे बैल तिच्या अंगावर जातात, बिचकून आत-बाहेर होतात आणि तिथेच वेळ जातो. आपला गाडा किती अंतरावरून घोडीच्या मागे लागतो, हे स्वाराला सरावातून माहीत असावं लागतं. म्हणून मुरलेले गाडामालक ऐनवेळी घोडी बदलत नाहीत.

आता खाली उभं राहून काय बघायचं ते. आधी जुकाटाचे बैल जुंपतात, मग कांडाचे आणतात. शिवळा (जुवातल्या खुंट्या), जोते (मानेखालचे पट्टे), दोन जोड्यांमधला दोर यांवर एकजण शेवटचा हात फिरवतो. दोराकडे नीट लक्ष द्या. तो ढिला राहिला तर कांडाची जोडी आधी उसळी घेते, मग दोराला हिसका बसतो आणि जुकाटाचे बैल पहिल्याच पावलाला मागे पडतात. फार ताणलेला असेल तर बैल आधीच ओढायला लागतात, माणसांना आवरत नाहीत, आणि गाडा निशाण पडायच्या आत सुटतो. चारही बैलांची तोंडं सरळ घाटाकडे, मागचे पाय जमिनीत रोवलेले, कान पुढे, आणि बैल धरणारे सगळे एकाच वेळी बाजूला सरणारे, असं जमलं की ती बारी चांगली जाणार हे सुटण्याआधीच कळतं. एकानं जरी वेसणीवरचा हात क्षणभर उशिरा सोडला तरी त्या बैलाची मान वळते आणि अख्खा गाडा त्या बाजूला ओढला जातो.

निशाण पडतं, निवेदकाचा 'भिर्रर्र' सुरू होतो आणि 'झाली' म्हणेपर्यंत बारी संपलेलीही असते. चांगला गाडा अकरा-बारा सेकंदांत घाट चढतो. पूर्वी हे हातातल्या घड्याळावर मोजायचे आणि त्यावरून भांडणं व्हायची. आता बऱ्याच ठिकाणी सेन्सरचं घड्याळ असतं, सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत वेळ मिळते आणि फलकावर लगेच दिसते. नंबर सेकंदांवर ठरतात. समजा बाराच्या आत आलेले सगळे गाडे पहिल्या नंबरात, तेराच्या आत आलेले दुसऱ्या; बक्षिसाची रक्कम त्या-त्या नंबरातल्या गाड्यांत वाटली जाते. घाटाची लांबी आणि चढ गावागणिक वेगळा, त्यामुळे सेकंदांचे आकडेही वेगळे. एका घाटातले अकरा सेकंद दुसऱ्या घाटातल्या अकरांशी ताडून बघू नका, त्याला अर्थ नाही. दिवसभरात सर्वांत कमी वेळात येणारा गाडा 'घाटाचा राजा'.

बारी बिघडते ती बहुधा मध्यावर. कांडातला एक बैल दमतो, दुसरा ओढत राहतो, जू तिरकं होतं आणि गाडा कडेला जातो. धावपट्टी सोडली की बारी गेली. दगड राहिला असेल किंवा माती नीट दाबलेली नसेल तर हलका गाडा उडतो, कधी उलटतोही. सकाळी घाटावर पाणी मारतात ते धुरळा बसावा म्हणून. जास्त मारलं तर पहिल्या काही गाड्यांचे बैल घसरतात आणि त्यांचे सेकंद विनाकारण वाढतात. दुपारी माती सुटी होते तेव्हा पुन्हा वेग पडतो. बाऱ्यांचा क्रम ठरवणाऱ्या टोकनचा नंबर कितवा निघतो याला म्हणूनच एवढी किंमत.

उभं राहायचं ते कठड्याच्या बाहेर, शक्यतो उंच बाजूला. वरच्या टोकाला रेषेच्या पुढे कधीच थांबू नका. गाडा रेषेवर थांबत नाही. धरायला माणसं असतात, पण चार उधळलेल्या बैलांना वेग आवरायला बरंच अंतर लागतं. दोन बाऱ्यांच्या मध्ये घाट ओलांडायचा मोह टाळा, कारण खालून गाडा लवकर सुटल्याचे अपघात खरेच होतात. बैलांजवळ छत्री उघडू नका. बैल बिचकतो तो रंगाला नव्हे, अचानक हालणाऱ्या वस्तूला. टोपी, रुमाल, भरपूर पाणी न्या; चैत्र-वैशाखातल्या यात्रांना घाटावर सावली नसते. आंबेगाव तालुक्यातल्या थापलिंगच्या खंडोबाची यात्रा पौष पौर्णिमेला भरते. पहिल्यांदा जाणाऱ्याला ती थंडीतली म्हणून सोयीची.

नियमांची माहिती प्रेक्षकालाही हवी. 2014 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं शर्यती थांबल्या. राज्यानं 2017 साली कायद्यात दुरुस्ती केली, 16 डिसेंबर 2021 ला अटींसह परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 ला घटनापीठानं ती दुरुस्ती वैध ठरवली. अटींमध्ये जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, बैलांची पशुवैद्यकीय तपासणी आणि हजार मीटरची कमाल मर्यादा आहे; आपले घाट त्याहून कितीतरी आखूड. चाबूक, काठी, विजेचा झटका देणारी बॅटरी, शेपटी पिरगाळणं हे सगळं बंद. असं काही दिसलं तर तिथेच आयोजकांना आणि बंदोबस्तावरच्या पोलिसांना सांगा, गप्प बसू नका. चांगल्या बैलाला या कशाचीही गरज नसते. महिनोन्‌महिने पोहणी, चढावरचा सराव आणि वेळेवर खुराक मिळालेला खिल्लार जातीचा बैल निशाणाच्या आधीच थरथरत उभा असतो, त्याला आवरावं लागतं. मारून पळवलेला बैल दोन घाटांनंतर जुवाखाली मान द्यायलाच तयार होत नाही, हे गाडा राखणारा प्रत्येकजण जाणतो.

बारी झालेले बैल जवळून बघायचे असतील तर मालकाला विचारा, आणि धाप ओसरेपर्यंत थांबा. समोरून जा, बैलाला दिसेल असं, मागून नको. जुकाटाचे बैल सहसा लवकर शांत होतात. कांडाच्या बैलाला हात लावायचा तर त्याचं दावं ओळखीच्या माणसाच्या हातात असल्याशिवाय लावू नका. संध्याकाळी सगळे टेम्पो एकाच कच्च्या रस्त्यानं निघतात, म्हणून आपली गाडी डांबरी रस्त्याच्या कडेलाच लावा आणि शेवटचा अर्धा किलोमीटर चालत जा.